हायड्रोजनच्या गाडीला आग लागली तर? फायरवाल्यांना हे आधी शिकवा

ट्रेनिंगची सुरुवात स्लाइड्सनी करूच नका, पोरं झोपतात. भर उन्हात छोटी हायड्रोजनची ज्योत पेटवा आणि विचारा, दिसतेय का? जवळजवळ दिसतच नाही, वासही नाही, धूरही नाही, म्हणून थर्मल कॅमेरा (उष्णता दाखवणारा) हातात हवाच, आणि तो नसेल तर जुना जुगाड म्हणजे लांब दांड्याचा गवती झाडू पुढे धरून हळूहळू जायचं, झाडू पेटला की कळलं आग कुठंय.

मग आकडे. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की तो पेटू शकतो, साधी स्टॅटिकची ठिणगीही पुरते. कारच्या टाकीत प्रेशर ७०० बार (म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण ७०० पट), बसमध्ये बहुतेक ३५०.

सगळ्यात अवघड सवय मोडायची ती ही की आग दिसली की विझवायची. इथं आधी गॅस बंद, तो होत नसेल तर जळू द्या, कारण विझवून गळती चालूच राहिली तर गॅस साचून स्फोट होतो. लांबून पाणी मारून टाकी आणि आजूबाजूचं थंड ठेवा, पण टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडावर पाणी नको, तो साधारण ११० डिग्रीला स्वतःच उघडून गॅस सोडतो. गॅस सुटतानाचा तो मोठ्ठा आवाज ऑडिओवर आधीच ऐकवा, नाहीतर लोक घाबरून पळतात.

गॅस हलका, वर जातो. उघड्यावर बरं, पण बंद पार्किंगमध्ये छताखाली साचतो, तिथं आधी गॅस मोजायच्या मीटरने तपासा. आणि हो, केशरी केबल कापायच्या नाहीत, त्या हाय व्होल्टेजच्या.

२०१९ मध्ये नॉर्वेत सँडविका गावातल्या हायड्रोजन भरायच्या पंपावर स्फोट झाला, कारण टाकीचे नीट न आवळलेले बोल्ट. ही केस वर्गात नक्की घ्या.