नेदरलँड्सच्या कालव्यांकाठी सायकलने फिरायचंय? आधी वारा पाहा, मग नकाशा

'नेदरलँड्स सपाट आहे, तिथे सायकल काय कोणीही चालवेल' असं सांगणारे लोक बहुधा घर ते स्टेशन एवढीच सायकल चालवतात. कालव्याच्या कडेने, पोल्डरच्या (बांध घालून, पाणी उपसून मिळवलेल्या सखल जमिनीच्या) उघड्या रानात दिवसभर फिरायचं तर चढ लागत नाही हे खरं. पण इथला घाट वारा आहे. आपला घाट निदान जागच्या जागी असतो, हा सकाळी एकीकडे आणि दुपारी दुसरीकडे. त्यामुळे या लेखात सायकल, खाणंपिणं वगैरे दोन-दोन ओळींत उरकणार आहे आणि वाऱ्यावर मात्र सविस्तर बोलणार आहे.

१. सायकल

भाड्याची साधी, सरळ बसायची सायकल पुरते. गिअर मात्र हवेतच, निदान तीन. सीट खाली करून मागा, इथल्या लोकांच्या उंचीला लावलेली सीट आपल्याला झेपत नाही. पुष्कळ सायकलींना पॅडल उलटं फिरवलं की लागणारा ब्रेक असतो, तो दुकानासमोरच चार वेळा लावून पाहा. मुलांकडे उन्हाळ्यात राहायला आलेल्या आईबाबांसाठी इलेक्ट्रिक सायकल घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त समोरचा वारा असला की बॅटरी भराभर उतरते हे त्यांना सांगून ठेवा. आणि ओढणी बांधून घ्या.

२. अंतर

चाळीस ते पन्नास किलोमीटर, बस. शंभरच्या गप्पा मारणाऱ्यांना पक्षी दिसत नाहीत.

३. वारा

आदल्या रात्री तीन गोष्टी पाहायच्या: दिशा, जोर आणि दिवसभरात होणारा बदल.

दिशा म्हणजे वारा *जिकडून* येतो ती. 'नैर्ऋत्येचा वारा' नैर्ऋत्येकडून येतो आणि ईशान्येकडे जातो. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी अॅपमधला बाण पाहून निम्मे लोक उलटं ठरवतात, कारण काही अॅपमध्ये बाण वारा जातो तिकडे दाखवतात आणि काहींत येतो तिकडे. बाणाच्या नादी न लागता अक्षरं वाचा. डच अंदाजात 'झेड' म्हणजे दक्षिण, 'ओ' म्हणजे पूर्व, 'एन' उत्तर आणि 'डब्ल्यू' पश्चिम. 'झेडडब्ल्यू' सर्वांत जास्त वेळा दिसेल, कारण या देशात नैर्ऋत्येचा वाराच प्रमुख.

जोर ब्यूफर्टच्या आकड्यात देतात, म्हणजे शून्य ते बारा अशा वाऱ्याच्या मोजपट्टीवर. तीनपर्यंत कुठेही जा. चार म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून जरा हिशेब करू. वारा नसताना तुम्ही ताशी १५ किलोमीटरने चाललात तर हवेशी तुमची गाठ १५ च्या वेगाने पडते. समोरून २० चा वारा आला की ती ३५ ची होते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो पाचपटीहून जास्त झाला. तोच वारा पाठीशी असेल आणि तुम्ही २० ने चालत असाल तर अडथळा जवळजवळ शून्य. अंदाजातला आकडा जमिनीपासून १० मीटर उंचीचा असतो, सायकलवर त्याहून थोडा कमी लागतो. ही सवलत बांधाच्या माथ्यावर चढलात की बरीचशी संपते. पाच असेल तर एकाच दिशेने, वारा पाठीशी घेऊन जायचं आणि ट्रेनने परत यायचं. सहा असेल तर संग्रहालय बघा. झीलंड प्रांतातल्या ओस्टरस्खेल्डे बंधाऱ्यावर समोरच्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा होते: बिनगिअरची सायकल, साडेआठ किलोमीटर, आणि वारा सात किंवा त्याहून जास्त असेल तरच. हौस असेल तर तिथे जा, सहलीत नको.

आता खरा मुद्दा. गोल फेरी करायची असेल तर *पहिला अर्धा भाग वाऱ्याच्या विरुद्ध*. 'सुरुवात सोपी करा, वारा पाठीशी घेऊन निघा' हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता चिडचिड होते. पाठीमागचा वारा जाणवत नाही, हीच त्याची खोड. आपण फॉर्मात आहोत असं वाटतं, अंतर वाढत जातं, आणि दमल्या पायांनी वळल्यावर सगळी वसुली एकदम होते. शिवाय ऊन चढतं तसा वारा जमिनीलगत वाढत जातो, दुपारी सर्वांत जास्त असतो आणि संध्याकाळी पडतो. म्हणजे विरुद्ध दिशेचं काम सकाळी, वारा अजून जागा होतोय तेव्हा उरकलेलं केव्हाही चांगलं.

दिवसभरातला बदलही बघा. पावसाचा पट्टा दुपारी सरकून जाणार असेल तर नैर्ऋत्येचा वारा त्यामागोमाग बहुधा वायव्येकडून येऊ लागतो. परतीची दिशा त्या नव्या वाऱ्यावर ठरवा.

प्रत्यक्षात हे कसं करायचं ते वेरिबेन-वीडन या राष्ट्रीय उद्यानावरून सांगतो. ओव्हरआयसल प्रांतातला हा पाणथळ प्रदेश, वायव्य युरोपातली सखल भागातली सर्वांत मोठी पीटची (कुजलेल्या वनस्पतींच्या, वाळवून जाळता येणाऱ्या मातीची) दलदल. पूर्वेला स्टेनवाइक स्टेशन. तिथून खीटहोर्न, योनेन, ब्लॉकझाइल, मग उत्तरेला कालेनबर्ग, ओसेनझाइल आणि पूर्वेकडे परत स्टेनवाइक, अशी साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची फेरी होते. नैर्ऋत्येच्या वाऱ्याला याच क्रमाने जा: ब्लॉकझाइलपर्यंत वारा अंगावर, तिथे जेवण, आणि नंतरचा जवळजवळ सगळा रस्ता वारा पाठीशी किंवा बाजूने. वारा वायव्येचा झाला तरी शेवटचा टप्पा सोपाच राहतो. पूर्वेचा वारा असेल तर ही फेरी त्या दिवशी करू नका. क्रम उलटा केला तरी परत पूर्वेलाच यायचंय.

मग काय करायचं? नदी किंवा कालव्याकाठची अशी वाट निवडायची जिच्या दोन्ही टोकांना स्टेशन आहे, आणि कुठल्या टोकाला सुरुवात करायची ते सकाळी ठरवायचं. माझी आवडती वाट खौडा ते उट्रेख्ट, होलंड्स आयसल नदीच्या काठाने: हास्ट्रेख्ट, औडेवाटर, मॉन्टफोर्ट, आयसलस्टाइन. पश्चिमेचा वारा असेल तर खौड्याहून निघा, पूर्वेचा असेल तर उट्रेख्टहून. औडेवाटरला चेटकिणींना तोलायचा जुना काटा आहे, थांबायला बरं निमित्त.

वाटेत वाऱ्यापासून लपायचं असेल तर बांधाच्या माथ्यावरून न जाता पायथ्याच्या वाटेने जा. झाडांची रांग, उंच बोरू, गावातली गल्ली, सगळ्याचा उपयोग होतो. माथा पाठीमागच्या वाऱ्यासाठी राखून ठेवा, तेव्हा तिथून लांबपर्यंत पाहायला वेळही असतो. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला इथे परवानगी आहे, पण समोरच्या वाऱ्यात एकामागे एक चला आणि पुढच्याने दर दोन-एक किलोमीटरला मागे यावं. गिअर हलका ठेवा, जोर लावून पॅडल रेटू नका.

बाजूच्या वाऱ्याबद्दल एक ताकीद. गोठा किंवा झाडांची भिंत संपते तिथे वारा एकदम धक्का देतो, आणि कालव्याकाठच्या पुष्कळ वाटांना कठडा नसतो. अशा जागी पाण्यापासून दोन हात लांब राहा आणि हँडल आवळून धरू नका.

खीटहोर्नच्या दक्षिणेला बेउलाकरवाइडे नावाचं मोठं तळं लागतं. पीट खणताना लोकांनी मधले जमिनीचे पट्टे फार अरुंद ठेवले होते. १७७५ आणि १७७६ च्या वादळांत ते वाहून गेले आणि बेउलाके गाव पाण्याखाली गेलं. 'थोडा वारा आहे, चालायचंच' असं म्हणणाऱ्यांना मी ते तळं दाखवतो.

४. आकड्यांची वाट

गूगलवर पत्ता टाकून निघू नका. तो जवळचा रस्ता देतो, म्हणजे मोटारींच्या शेजारचा. इथे सायकलवाटांच्या नाक्यांना क्रमांक दिलेले असतात. पांढऱ्या पाटीवर हिरवा आकडा आणि बाण, आणि प्रत्येक नाक्यावर नकाशा. ही पद्धत १९९५ साली शेजारच्या बेल्जियममधल्या लिम्बर्गमध्ये सुरू झाली आणि मग इकडे पसरली. आदल्या रात्री वारा पाहून झाल्यावर क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवायचे आणि कागद हँडलला चिकटवायचा. मोबाइल हातात धरून सायकल चालवणं १ जुलै २०१९ पासून बेकायदा आहे. आकडे ९९ पर्यंतच असल्याने दुसऱ्या भागात तोच आकडा पुन्हा भेटतो, म्हणून बाजूला गावाचं नाव लिहा. चालणाऱ्यांच्या वाटांनाही वेगळे क्रमांक असतात, त्यांच्यामागे लागू नका. पाटी दिसेनाशी झाली तर शेवटच्या पाटीपर्यंत मागे या, अंदाजाने पुढे गेलात तर बहुतेक वेळा पुढे कालवा आडवा येतो आणि पूल नसतो.

योनेनला सायकलीसकट पलीकडे नेणारी छोटी होडी आहे. अशा होड्या हंगामी असतात. वेळ आदल्या दिवशी पाहा आणि पुलाच्या वळशाचे आकडेही कागदावर असू द्या.

५. रस्त्यावर

उजवीकडून चाला. रस्त्यावरच्या पांढऱ्या त्रिकोणांची टोकं तुमच्याकडे असतील तर तुम्ही थांबायचं. पाट्या-खुणा काहीच नसतील तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. खीटहोर्नमधून जायचं तर सकाळी लवकर; उन्हाळ्यात अकरानंतर गर्दीमुळे उतरून सायकल ढकलावी लागते.

६. राखीव क्षेत्रात

वाट सोडू नका. वसंतात पक्षी जमिनीवर अंडी घालतात आणि काही वाटा तेवढ्यापुरत्या बंद असतात, तिथे वाद घालू नका. ओल्या कुरणांत लांब चोचीचा मालगुजा दिसेल. २०१५ मध्ये लोकांनी मत देऊन त्याला देशाचा पक्षी ठरवलं. भिगवणला हिवाळ्यात दिसतो तीच जात, मात्र इथली पाखरं हिवाळ्यात बहुतेक पश्चिम आफ्रिका आणि स्पेन-पोर्तुगालकडे जातात. वेरिबेनमध्ये २००२ पासून पुन्हा सोडलेली पाणमांजरं आहेत, पण ती दिसतील या आशेवर जेवण लांबवू नका. गवतात बसलात तर घरी आल्यावर गोचीड तपासा, गुडघ्यामागे आणि काखेत विशेष.

७. परतीची ट्रेन

सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं. घडी घातलेली छोटी सायकल फुकट. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या वेळात सायकल ट्रेनमध्ये नेता येत नाही, जुलै-ऑगस्ट वगळता. म्हणजे मे महिन्यातल्या मंगळवारी तुम्ही पावणेपाचला स्टेशनात पोहोचलात तर पावणेदोन तास तिथेच. त्यापेक्षा ब्लॉकझाइलच्या बंदराजवळ आणखी एक कॉफी घ्या आणि सातची गाडी पकडा.