घरी काडतुसं रिलोड करताय? पावडर भरताना चुकू नका

आधी एक, तुम्ही राहता तिथे घरी काडतूस भरायला कायद्याने परवानगी आहे का ते बघा, नसेल तर विषय तिथेच संपला. असेल तर पुढे वाचा.

रिलोडिंग म्हणजे वापरलेलं काडतूस परत भरणं तसं अवघड नाहीये पण केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचात, पावडर पडली का आणि किती पडली एवढ्यात गफलत झाली की बंदूकही जाते आणि बोटंही. पिस्तुलाच्या केसला फास्ट, म्हणजे झटकन जळणारी पावडर बऱ्याचदा ४-५ ग्रेनच लागते, १ ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम, म्हणजे केस अर्धीही भरत नाही. त्यामुळे चुकून दुसऱ्यांदा तेवढीच पडली तरी वरून सांडत नाही आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

उलटी चूकही तेवढीच वाईट. माझ्याकडूनच झालीय, ट्रे अर्धा भरला होता आणि फोन वाजला, बोलून परत आलो आणि अंदाजाने पुढच्या केसपासून सुरू केलं, एक केस रिकामी राहिली. रेंजवर नेहमीचा बार व्हायच्या ऐवजी नुसतं फट् झालं आणि हाताला धक्काच नाही. थांबलो, गन रिकामी करून नळीत रॉड घातला तर बुलेट आत अडकलेली. नुसत्या प्रायमरच्या, म्हणजे पावडर पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीच्या, जोराने ती नळीत शिरते पण बाहेर पडत नाही, आणि त्याच्यामागून दुसरा राऊंड मारला असता तर नळी फुगली किंवा फाटली असती. आवाज वेगळा आला की ट्रिगरवरचं बोट काढायचंच.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय. रिकाम्या केसेस ट्रेमध्ये तोंड खाली करून, पावडर टाकली की तीच केस सरळ ठेवायची, पूर्ण ट्रे झाला की टॉर्च घेऊन प्रत्येक केसमध्ये डोकवायचं, सगळीकडे पातळी सारखी दिसली तरच बुलेट बसवायची. मध्येच कोणी हाक मारली आणि कुठवर आलो ते आठवत नसेल तर सगळ्या केसेस ओतून पहिल्यापासून. वैताग येतो, पण करायचंच.

टेबलावर एका वेळी एकच पावडर. एच ४३५० आणि आयएमआर ४३५० यांचा नंबर सारखा आहे पण पावडर वेगळ्या आहेत, एकीचा डेटा दुसरीला लावायचा नाही. काम झालं की हॉपर, म्हणजे पावडर मापून टाकणाऱ्या यंत्राचा वरचा डबा, रिकामा करून पावडर तिच्याच डब्यात, दुसऱ्या दिवशी हॉपरमध्ये काय होतं ते आठवत नाही हो. ओळख न पटलेली पावडर वापरूच नका.

वजनकाटा आधी चेक वेटने, म्हणजे नेमकं वजन माहीत असलेल्या वजनाने, तपासा, मधेमधेही, पंखा बंद ठेवा कारण वाऱ्याने आकडा हलतो. लोड, म्हणजे पावडर किती घालायची तो आकडा, छापील मॅन्युअलमधलाच घ्या आणि खालच्या आकड्यापासून सुरू करा, कोणी इंटरनेटवर टाकलेला नको. बुलेट किंवा प्रायमर बदललं तरी परत खालूनच. बुलेट जास्त खोल बसली तरी प्रेशर वाढतं हे लक्षात राहू द्या.

रायफलच्या केसेस परत परत वापरल्या की लांबतात. .३०८ विंचेस्टरची केस २.०१५ इंचाच्या पुढे गेली की ट्रिम करा, नाहीतर केसचं तोंड चेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेत, दाबलं जातं, बुलेट सुटत नाही आणि प्रेशर चढतं. बुडाजवळ चकचकीत रिंग दिसली तर तार वाकवून आतून फिरवून बघा, खाच लागली की ती केस भंगारात. प्रायमर बसवल्यावर बोट फिरवा, बुडाच्या वर आलेलं लागता कामा नये. आणि प्रायमर बाटलीत एकत्र भरून ठेवू नका, एक पेटलं तर सगळे एकदम उडतात, कंपनीच्या पॅकिंगमध्येच राहू द्या. गॉगल घाला, शिशामुळे हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

प्रत्येक डब्यावर तारीख, पावडर, वजन, बुलेट, प्रायमर सगळं लिहा, म्हणजे एका राऊंडमध्ये जरी गडबड निघाली तर तो अख्खा डबा बाजूला काढून पुलरने एकेक बुलेट उपसता येते.