गुडघ्याला सुया लावून घेण्याआधी

एक्स-रेवर पेन टेकवून डॉक्टर म्हणाले, "ही आतल्या बाजूची फट बघा बाई, जवळजवळ मिटलीय." झीज. सोलापुरात ३१ वर्षं फळ्यासमोर उभी राहून शिकवलं, त्यानंतर हा गुडघा. अ‍ॅक्युपंक्चरच्या, म्हणजे ठरावीक बिंदूंवर टोचायच्या बारीक सुयांनी ती फट भरत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. दुखणं कमी होऊ शकतं, झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, परत येत नाही. येते असं कुणी सांगितलं, तर तिथे थांबू नका.

सुयांच्या आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. गुडघा अचानक सुजला, लाल-गरम झाला, अंगात ताप असला, तर सुयांचं नावही काढू नका.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे, त्यामुळे सुया टोचणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारायला संकोच कसला? मी पहिल्यांदा गेले तिथे ट्रेमध्ये उघड्या सुया पडलेल्या. "उकळून घेतो," असं उत्तर मिळालं. मी चप्पल घातली आणि घरी आले. सुई तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली, एकदाच वापरायची हवी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडू देऊ नका.

जाताना थोडं खाऊन जा, उपाशीपोटी चक्कर येते. मला उताणं झोपवून गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवतात. वाटीखालच्या दोन्ही खळग्यांत एकेक सुई, तिथून चार बोटं खाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक, शिवाय आतल्या बाजूला एक-दोन. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, मग तिथे जडपणा येतो, आत काही ओढल्यासारखं. चिनी वैद्य याला 'दे-ची' म्हणतात. पण पायातून विजेसारखी कळ गेली तर लगेच बोला. २०-२५ मिनिटं पडून राहायचं. लावलेल्या सुया मोजून ठेवा आणि काढतानाही मोजा. एकदा माझी एक पायातच राहिली होती, साडी सारखी करताना हाताला लागली.

किती वेळा जायचं ते आधीच ठरवा. मी आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे गेले. वहीत रोज दुखण्याला दहापैकी गुण दिले आणि आमच्या जिन्याच्या ३८ पायऱ्यांपैकी कितव्या पायरीला कठडा धरावा लागला तेही लिहिलं. सुरुवातीला नववी, शेवटी सव्विसावी. सहा वेळा जाऊनही वहीत फरक दिसत नसेल तर पैसे वाचवा.

हे एवढं काटेकोर का, तर तज्ज्ञांचंच एकमत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या चाचणीत हजारावर रुग्ण होते. नेमक्या बिंदूंवर टोचलेल्या सुया आणि भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया यांचा गुण जवळपास सारखाच आला. दोन्हींचा नेहमीच्या उपचारांपेक्षा मात्र जास्त. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सशर्त होकार दिला, तर कोणते उपचार द्यावेत याचा सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२ मध्ये हे उपचार देऊ नका असं सांगितलं.

म्हणून माझा सगळा भर व्यायामावर. सुयांनंतरचे दोन दिवस गुडघा हलका असतो, तेव्हाच मांडीचे स्नायू कमावून घ्या. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच अंक मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली आणायचा. दहा वेळा एक पाय, दहा वेळा दुसरा. मी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत करते.