रंगभूमी दिनाच्या नाट्यवाचनाची तयारी, आप्पांच्या खुर्चीपासून

गेल्या वर्षी ५ नोव्हेंबरच्या नाट्यवाचनाला आप्पा तिसऱ्या रांगेत बसले होते. लोक हसले की आप्पा हसायचे, फक्त किंचित उशिरा. टाळ्यांचंही तसंच. घरी येताना मी विचारलं, "कसं झालं?" म्हणाले, "झकास!" कोणता संवाद आवडला, असं विचारल्यावर मात्र चष्मा पुसायला लागले. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत मराठी नाटक उभं केलं, त्याच सांगलीत माझे वडील दीड तास नुसते हलणारे ओठ बघून आले. म्हणून यंदा आपल्या विश्रामबागेतल्या मंडळाच्या कार्यक्रमात ऐकू न येणाऱ्यांची सोय बघायचं काम मी मागून घेतलं आहे.

सुरुवात निमंत्रणापासून. संपर्कासाठी नुसता फोन नंबर देऊ नका, व्हॉट्सअ‍ॅप चालणारा नंबर द्या आणि खाली एक ओळ टाका: ऐकण्यासाठी कोणती सोय हवी ते आठ दिवस आधी कळवा. वेळ आकड्यात लिहा. पत्रिकेत 'मूकबधिर' शब्द नको. ऐकू येत नाही म्हणजे माणूस मुका असतो असं नाही, 'कर्णबधिर' लिहा.

कोण येणार हे कळल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका, कारण सगळ्यांना एकच सोय चालत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातसुद्धा दोन वर्ग केलेत: दोन्ही कानांच्या ऐकण्यातली घट ७० डेसिबल (आवाज मोजायचं एकक) किंवा जास्त असेल तर कर्णबधिर, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारे. प्रत्यक्षात फरक आणखी मोठा असतो. आप्पांचा कान सत्तरीनंतर गेला. त्यांना खुणांची भाषा येत नाही, पण मराठी भराभर वाचतात. लहानपणापासून कर्णबधिर असलेल्या पोरांचं बरेचदा उलट असतं: भारतीय सांकेतिक भाषा ही त्यांची हक्काची भाषा, तिचं व्याकरण मराठीहून वेगळं, आणि लांबलचक मराठी मजकूर वाचणं त्यांना जडच जातं. तेव्हा दुभाषी बोलावला म्हणजे आप्पांची सोय झाली असं नाही, आणि पडद्यावर अक्षरं आली म्हणजे पोरांची झाली असंही नाही.

दुभाषी दोन सांगा. दीड तास एकट्याचे हात आणि डोकं चालत नाही. साधारण वीस मिनिटांनी ते आलटून पालटून उभे राहतात. संहिता आणि पात्रांची नावं त्यांना आठवडाभर आधी पोचवा. त्यांची जागा वाचणाऱ्यांच्या शेजारी, उजेडात हवी, आणि मागचा पडदा साधा, एकरंगी हवा. आपल्या फुलाफुलांच्या पडद्यावर हात हरवून जातात. समोरच्या दोन रांगा राखीव ठेवा, आणि पाहुण्यांच्या सोफ्यासाठी त्या ऐनवेळी मागे ढकलू नका. हे दरवर्षी होतं.

पडद्यावरच्या अक्षरांबाबत आपलं नशीब चांगलं आहे. नाट्यवाचन म्हटल्यावर संहिता आधीपासून लिहिलेलीच आहे! लेखकाची परवानगी घ्यायची, संवाद मोठ्या टायपात स्लाइडवर चढवायचे आणि नाटक चार वेळा वाचलेल्या कुणाला तरी लॅपटॉपवर बसवायचं. विनोदाची ओळ तोंडातून बाहेर पडण्याआधी पडद्यावर येऊ देऊ नका, नाहीतर यंदा आप्पा सगळ्यांच्या आधी हसतील. पाहुण्यांच्या आयत्या वेळच्या भाषणासाठी फोनवरचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब मराठी लिहून देतं, पण गोंगाटात गडबडतं आणि आडनावांची वाट लावतं. सभागृहात नेऊन, पंखे लावून, एकदा तपासा.

आता माइक. "माझा आवाज मोठा आहे, मला माइक नको" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हातात माइक द्यायचाच. मोठ्यानं ओरडलं की श्रवणयंत्रातून येणारा आवाज फाटतो, शिवाय ओरडताना तोंडही वेडंवाकडं होतं. प्रेक्षकांतून प्रश्न आला की तो माइकवरून पुन्हा सांगायचा. माइक हनुवटीपाशी धरा, ओठांसमोर नको, आणि बोलणाऱ्याच्या पाठीशी उघडी खिडकी नको. ओठ वाचणं मुळातच अर्धं अंदाजाचं काम आहे. आरशासमोर आवाज न काढता 'पापड' म्हणा, मग 'बापट' म्हणा. ओठांवर दोन्ही एकच!

काही श्रवणयंत्रांत टेलिकॉइल नावाची तारेची छोटी गुंडाळी असते. सभागृहाच्या कडेनं तारेचं वेटोळं फिरवून ते माइकच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं, की यंत्र 'टी' (म्हणजे टेलिकॉइल) वर ठेवणाऱ्याला माइकचा आवाज थेट कानात मिळतो, घुमणं आणि खुर्च्यांचा खडखडाट वगळून. सोय उत्तम आहे, पण कानात दडणाऱ्या छोट्या यंत्रांत ही कॉइल सहसा नसते. किती जणांकडे आहे ते विचारल्याशिवाय तारेवर खर्च नको. यंदा नाहीच, असं माझं मत.

बॅटऱ्या मात्र आणून ठेवा. केशरी स्टिकरची १३ नंबर आणि तपकिरी स्टिकरची ३१२, दोन्हींचं एकेक पाकीट नोंदणीच्या टेबलावर असू दे. या बॅटऱ्या हवेवर चालतात. स्टिकर काढल्यावर मिनिट-दोन मिनिटं उघडी ठेवून मग यंत्रात बसवायची. आप्पांनी सोयीसाठी म्हणून चार बॅटऱ्यांचे स्टिकर आधीच काढून डबीत ठेवले होते. एकही चालली नाही. टेबलावर पाटी-पेन्सिलही ठेवा, ज्येष्ठांना ती मोबाइलपेक्षा सोपी वाटते.

लाइट गेली तर दुभाष्यावर धरायला दोन टॉर्च हाताशी असू देत. पळायची वेळ आली तर घोषणा सगळ्यांच्या कानावर जाणार नाही, म्हणून पुढच्या रांगांसाठी दोन कार्यकर्ते नेमून ठेवा, खांद्याला हात लावून दाराकडे नेतील असे.

चहा व्हरांड्यात नको. तिथं सगळे एकदम बोलतात, यंत्र सगळ्यांचे आवाज सारखेच मोठे करतं आणि माणूस कपबशी घेऊन कोपऱ्यात जातो. आतल्या खोलीत चार-चार खुर्च्या गोल मांडा, ट्यूबलाइट सगळ्या लावा. आप्पांचं यंत्र उजव्या कानात आहे. त्यांच्याशी गप्पा मारायच्या असतील तर त्या बाजूची खुर्ची पकडा.