मुलांच्या कार्यक्रमांसाठी चॅरिटी फिशिंग टुर्नामेंट कशी घ्यायची (टेक्सासवाल्यांसाठी)

डॅलस, ह्युस्टन, ऑस्टिनकडच्या आपल्या मंडळींमध्ये फिशिंगचा नाद असलेले बरेच जण आहेत, शनिवारी पहाटे बोट घेऊन निघतात ते दुपारीच घरी. त्या नादातून मुलांसाठी चांगले पैसे उभे राहू शकतात, फक्त सगळी तयारी आधी नीट करायला हवी.

सगळ्यात आधी पैसे नक्की कुठे जाणार ते ठरवा. पोस्टरवर नुसतं "मुलांच्या मदतीसाठी" लिहिलं तर कोणी खिशात हात घालत नाही, पण "अमुक शाळेतल्या मुलांचा समर कॅम्प" म्हटलं की लोक विचारायला लागतात. संस्था ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहे ना ते आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) साइटवर शोधून बघा. नमुना हवा असेल तर कास्ट फॉर किड्स फाउंडेशनचं काम बघा, तिथे स्पेशल नीड्स असलेल्या मुलांना व्हॉलंटियर लोक स्वतःच्या बोटीतून फिशिंगला नेतात.

आता हिशोब. समजा ४० बोटी आल्या, बोटीमागे १०० डॉलर एंट्री, म्हणजे झाले ४००० डॉलर. त्यातले निम्मे बक्षिसांत गेले, मग परमिट, इन्शुरन्स, टी-शर्ट, जेवण, की मुलांच्या हातात काय उरलं? म्हणून माझं ठाम मत आहे की सगळा खर्च स्पॉन्सरकडून काढायचा आणि एंट्री फी पूर्णच्या पूर्ण मुलांना द्यायची. आपल्याच लोकांची रेस्टॉरंटं, डेंटिस्ट, रिअल इस्टेट एजंट, टायरवाले, सगळ्यांकडे चार-पाच महिने आधी जा, आणि बक्षिसं वस्तूंच्या रूपात मागा, कारण रॉड-रील द्यायला दुकानदार पटकन तयार होतो, रोख द्यायला होत नाही.

लेक निवडताना तो कोणाच्या ताब्यात आहे ते आधी बघा. लुइसव्हिल आणि ग्रेपव्हाइन हे आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सचे (अमेरिकी लष्कराच्या इंजिनियर विभागाचे) लेक, तिथे कार्यक्रमाच्या परवानगीसाठी त्यांच्याच ऑफिसला विचारायचं. लेक फोर्क मोठ्या बास माशांसाठी प्रसिद्ध, पण तिथे १६ ते २४ इंचांमधला बास ठेवताच येत नाही, मग मासे काठावर आणून वजन करायची पद्धत तिथे अडचणीची. लायसन्सचं सोपं आहे, १७ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही, आणि टेक्सासच्या स्टेट पार्कच्या आत काठावरून गळ टाकला तर मोठ्यांनाही लागत नाही. नवशिक्या आईबाबांना आणायचं असेल तर स्टेट पार्कच बरा. महिना ऑक्टोबर घ्या, जुलै-ऑगस्टच्या उन्हात पाणी इतकं तापतं की बोटीच्या टाकीत ठेवलेला मासा परत सोडला तरी जगेल याची खात्री नाही.

म्हणून वजनकाटा नकोच. मासा पकडा, मोजा, फोटो काढा, सोडा. प्रत्येक बोटीला सारखंच मोजायचं बोर्ड द्या. हात ओले करून मासा धरायचा, बोर्ड आधी पाण्यात बुडवून घ्यायचं, तोंड मिटलेलं आणि बोर्डच्या उभ्या कडेला टेकलेलं, शेपटी चिमटीत धरून मिटवायची, बोटं आकड्यांवर येऊ द्यायची नाहीत, आणि त्या दिवशी सकाळीच वाटलेलं नंबरचं टोकन फोटोत दिसलंच पाहिजे, म्हणजे जुना फोटो कोणी चालवू शकणार नाही. फोटोत टोकन नाही तर तो मासा स्पर्धेत मोजायचा नाही, हा नियम बोटी सुटण्याआधी माइकवरून दोनदा सांगा. २०२२ साली ओहायोत लेक इरीवरच्या स्पर्धेत दोघांनी माशांच्या पोटात शिशाचे गोळे भरले होते, प्रकरण कोर्टात गेलं आणि त्यांना जेल झाली. मुलांच्या नावाने घेतलेल्या कार्यक्रमात असा नुसता संशय जरी आला तरी पुढच्या वर्षी स्पॉन्सर फोन उचलणार नाही.

लहान मुलांची स्पर्धा वेगळी ठेवा, काठावरून, दोन तास पुरे. छोटे गळ, गांडूळ, वर तरंगणारा बॉबर, आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका म्हणजे माशाच्या तोंडातून आणि कोणाच्या बोटातूनही सहज निघतो. तळहाताएवढा ब्लूगिल मिळाला तरी पोरं नाचतात, त्यामुळे बक्षीस प्रत्येकाला द्या. मोठ्यांबरोबर बोटीत जाणार असतील तर १३ वर्षांखालच्यांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे (२६ फुटांपेक्षा छोट्या बोटीत, आणि आपल्या बोटी तेवढ्याच असतात). वीज कडाडली की सगळे पाण्याबाहेर, यावर चर्चा नाही.

रॅफल, म्हणजे तिकिटं विकून बक्षिसाची सोडत, ठेवायचा मोह होतो, पण टेक्सासमध्ये रॅफल फक्त पात्र संस्थाच घेऊ शकते आणि बक्षीस रोख देता येत नाही, तेव्हा मंडळाच्या खजिनदाराला आधी विचारा. ज्यांनी २५० डॉलर किंवा जास्त दिले त्यांना लेखी पोचपावती लागते, आणि एंट्रीच्या बदल्यात जेवण-शर्ट दिला असेल तर त्याची किंमत वजा करूनच देणगी धरली जाते, हे फॉर्मवरच लिहून टाका.

कार्यक्रम झाला की दोन आठवड्यांच्या आत चेक संस्थेला द्या आणि जमा किती, खर्च किती, मुलांना किती हे एका पानावर सगळ्या स्पॉन्सरना पाठवा, त्याच पानावर खाली पुढच्या वर्षीची तारीख.