चित्राला ‘छान’ म्हणण्याआधी

इंदुरात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर, म्हणजे होळकरांच्या नदीकाठच्या समाधिवास्तूंसमोर, बसून केलेलं माझं पहिलं जलरंगातलं चित्र मी आमच्या चित्रं काढणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटात टाकलं, तेव्हा अर्ध्या तासात अंगठे, टाळ्या आणि ‘वा, मस्त’ यांची रांग लागली. शेवटी एका काकांचा निरोप आला. काका निवृत्त ड्रॉइंग शिक्षक, गटात सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांनी लिहिलं होतं, “बेटा, पाण्यातलं प्रतिबिंब छत्रीपेक्षा काळं झालंय. माझी नजर आधी नदीत जाते, मग वर छत्रीकडे. तुला तसंच हवं होतं का?”

मला ते लागलं. सकाळी सहापासून तीन तास काठावर बसून केलेलं चित्र होतं ते. मी फोन पालथा ठेवला, स्वयंपाक उरकला, घरात कुणाशी धड बोलले नाही. रात्री सगळे झोपल्यावर चित्र कपाटाला टेकवून चार पावलं मागे गेले. नजर खरोखरच आधी नदीत जात होती.

झालं असं होतं, की छत्रीचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, ओला असताना मला पुरेसा गडद वाटला. जलरंग वाळला की फिका पडतो, तसा तो पडला. पाणी मात्र मी शेवटी, ऊन चढल्यावर, घाईघाईनं दाट रंगात भरलं. प्रत्यक्षात गडद वस्तूचं प्रतिबिंब पाण्यात तिच्याहून थोडं उजळ दिसतं आणि उजळ वस्तूचं थोडं गडद. काकांनी हा नियम मला सांगितला नाही. त्यांनी फक्त त्यांची नजर कुठे अडली ते सांगितलं. पुढच्या रविवारी मी पुन्हा त्याच पायरीवर बसले आणि रंग न काढता नुसतं पाणी बघत राहिले. तेव्हापासून तो नियम कधी विसरले नाही.

त्या गटात मला आता सात वर्षं झाली. सात-आठ जण रविवारी सकाळी राजवाडा, छत्र्या, लालबाग असं कुठेतरी बसतो, चित्रं काढतो, नंतर जिरावण हा इंदुरी मसाला घातलेले पोहे खातो. बाकी मंडळी पुण्यात, नागपुरात, बडोद्यात आहेत, ती फोनवरून सामील होतात. नवीन माणूस आला की पहिल्या महिन्यात दोनपैकी एक गोष्ट होते. तो सगळ्यांच्या चित्रांना ‘छान’ म्हणत राहतो, किंवा कुणीतरी त्याच्या चित्राबद्दल खरं बोललं की गप्प होतो. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी ऐकून घेण्याबद्दल, कारण तेच जास्त अवघड आहे. माझ्या अनुभवात बघणारा माणूस अडतो त्या जागी बहुतेक वेळा खरंच काहीतरी बिघडलेलं असतं. पण तो जो उपाय सांगतो तो बरोबर असेलच असं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करायला मला दोन-तीन वर्षं लागली. रंगपंचमीच्या गेरचं, म्हणजे इंदुरात निघणाऱ्या रंगांच्या मिरवणुकीचं, एक चित्र मी केलं होतं. राजवाड्यासमोर गर्दी, टँकरमधून उडणारं रंगाचं पाणी, वर गुलालानं भरलेलं आकाश. तीन जणांनी तीन वेगवेगळ्या सूचना केल्या. एकानं सांगितलं, आकाश निळं करा. दुसऱ्या ताई म्हणाल्या, वरचा भाग कापूनच टाका. तिसऱ्यानं लिहिलं, मागे अजून दोन इमारती घाला. तिन्ही सूचना ऐकल्या असत्या तर चित्राचा जीव गेला असता, कारण ते गुलाबी-पिवळं आकाश दाखवण्यासाठीच मी ते काढायला घेतलं होतं. पण तिघांचंही बोट आकाशावरच होतं. मी पुन्हा पुन्हा पाहिलं तेव्हा कळलं, की गुलालाच्या ढगाला मी कडक कडा दिल्या होत्या. त्यामुळे तो धुरळा न वाटता रंगवलेली भिंत वाटत होता. दुसऱ्या कागदावर आकाश ओलं करून त्यात रंग सोडला, कडा आपोआप विरल्या. त्यानंतर आकाशाबद्दल कुणी काही बोललं नाही.

म्हणून नव्यांना माझं सांगणं असतं, की चित्रावर अभिप्राय आला की त्या दिवशी उत्तर देऊ नका. ‘धन्यवाद, बघते’ एवढं पुरे. आपण का तसं केलं याचं स्पष्टीकरण तर मुळीच नको. चित्र भिंतीवर लागलं की त्याच्याशेजारी उभं राहून समजवायला आपण नसतो. रात्र जाऊ द्या, चित्र लांबून बघा, आरशात बघा. आरशात कललेला खांब लगेच दिसतो, कारण डोळ्याला झालेली सवय मोडते. फोनमध्ये चित्राचा फोटो काळा-पांढरा करून बघा. छत्री आणि आकाश एकाच करड्या रंगाचे दिसले तर घोळ रंगाचा नाही, उजेड-सावलीचा आहे हे कळतं. हे सगळं करूनही तुम्हाला चित्र जसं आहे तसंच बरोबर वाटलं तर ते तसंच ठेवा. चित्र तुमचं आहे.

आता बोलण्याबद्दल. इथे मी एकदा मोठी चूक केली आहे, ती सांगते.

गटात कॉलेजात शिकणारी एक मुलगी आली. तिनं राजवाड्याचं पेनातलं रेखाटन टाकलं. राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी, हे इंदूरच्या पोराटोरांनाही माहीत असतं. तिच्या रेखाटनात दोन्ही बाजू वर जाताना आत झुकल्या होत्या, वरचे सज्जे चिमटल्यासारखे झाले होते. मी लगेच ताडलं, की हे फोनवरच्या फोटोवरून काढलंय. दरवाज्याजवळ उभं राहून फोन वर केला की उभ्या रेषा अशाच आत येतात. मी तिचं चित्र घेतलं, त्यावर लाल रंगानं सरळ रेषा मारल्या आणि सगळ्यांसमोर टाकलं. खाली लिहिलं, ‘असं हवं.’ रेषा अचूक होत्या. चार जणांनी मला दाद दिली. ती मुलगी पुढचे पाच महिने काहीच बोलली नाही.

नंतर एका रविवारी ती छत्रीवर भेटली. मीच विषय काढला. ती म्हणाली, “ताई, मी उज्जैनहून शिकायला आले तेव्हा पहिल्यांदा त्या दरवाज्याखाली उभी राहिले होते. मान वर केली तर वाडा अंगावर येतोय असं वाटलं. तेच काढायचं होतं मला.” तिच्या रेषा झुकलेल्या हव्याच होत्या. फसलं होतं ते वेगळंच. खालचा दगड आणि वरचं लाकूड तिनं सारख्याच हलक्या रेघांनी भरलं होतं, त्यामुळे वाड्याचं ओझं जाणवत नव्हतं. मी आधी फक्त ‘तुला काय दाखवायचं होतं?’ असं विचारलं असतं, तर तिच्या उपयोगाचं बोलले असते. त्या दिवशी मी तिची माफी मागितली. दुसऱ्याच्या चित्रावर रेषा ओढणं मी तेव्हापासून बंद केलं. फार गरज असेल तर वेगळ्या कागदावर छोटं रेखाटन करते आणि त्याला एकट्यालाच पाठवते.

ज्याला त्याला त्याच्या वाटेनं चित्र काढू देण्याची आमच्या इंदूरला परंपरा आहे, हे मला फार उशिरा उमगलं. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी 1927 मध्ये इंदुरात चित्रकलेची शाळा सुरू केली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची नावं बघा: नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर. बेंद्रे रंगांत रमले, हुसेन रेषेच्या जोरावर जगभर गेले. चिंचाळकर गुरुजी तर वाळक्या फांद्या, साली आणि टाकाऊ वस्तूंमध्ये आकार शोधत राहिले. एकाचं काम दुसऱ्यासारखं नाही. पुढे 1950 पासून बेंद्रे बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत शिकवायला लागले. तिथे त्यांच्याकडे शिकलेले ज्योती भट्ट आणि गुलाममोहम्मद शेख बेंद्र्यांपासून किती वेगळ्या वाटांनी गेले. आपण दुसऱ्याच्या चित्रावर बोलतो तेव्हा नकळत त्याला आपल्यासारखं चित्र काढायला लावत असतो. मी जलरंगवाली, मला सगळीकडे कोरा कागद राखलेला हवा असतो. तैलरंगात दाट थर देणाऱ्याला मी ‘कागद मोकळा राहू द्या’ म्हणाले, तर ते माझ्या आवडीबद्दलचं बोलणं झालं, त्याच्या चित्राबद्दलचं नाही. अशा वेळी मी स्पष्ट लिहिते, ‘ही माझी आवड आहे.’

आणखी एक. घरात आपण पोह्यांना नावं ठेवतो, लग्नातल्या जेवणाला नावं ठेवतो, त्याच सवयीनं चित्रालाही ठेवतो: ‘जमलं नाही’, ‘कच्चं आहे’, ‘मजा नाही आली’. यातून काढणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. ‘छान’ मधूनही लागत नाही. चांगलं काय झालंय तेही तितकंच नेमकं सांगावं लागतं. ‘डाव्या कमानीखालची सावली थंड निळी ठेवलीत, त्यामुळे बाहेरचं ऊन तापलेलं वाटतं’ असं म्हटलं, की माणूस पुढच्या चित्रात ते जाणून करतो. असं एक वाक्य लिहायला चित्राकडे पाच-सात मिनिटं बघावं लागतं. तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी मी बोलत नाही.

फोनवरून बोलताना फोटोही खूप फसवतो. रात्री पिवळ्या बल्बखाली फोटो काढला की फोन आपल्या अकलेनं रंग बदलतो, आणि मग ज्याचं आकाश मुळात स्वच्छ आहे त्याला ‘फार मळकट झालंय’ असं ऐकून घ्यावं लागतं. फोटो दिवसा काढा, गॅलरीत, सावलीत, फोन चित्राला समांतर धरून. कडेला कोऱ्या कागदाची पट्टी दिसू द्या, म्हणजे बघणाऱ्याला पांढरा कसा आला आहे ते कळतं. व्हॉट्सअॅपवर फोटो दाबला जातो, बारीक पोत जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत कागदाचा आकार, माध्यम आणि एक नेमका प्रश्न लिहा. ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर येणार. ‘मधली बैलगाडी पुरेशी मागे गेली आहे का?’ असं विचारलंत, की लोक खरोखर बघतात. आणि जे ऐकायची आज तयारी नसेल तेही सांगून टाका. ‘फक्त दाखवतोय’ असं लिहिलेल्या चित्रावर आमच्याकडे कुणी दोष काढत नाही.

यातलं एक मात्र मला अजून दर वेळी नव्यानं ठरवावं लागतं. गेल्या वर्षी गटातल्या एका दादांनी आजोबांचं कोळशातलं व्यक्तिचित्र टाकलं. आजोबांचं वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं, घरी चित्र लावायचं होतं. त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. नव्वद नमस्कारांचे हात आले. पण डावा डोळा जरा वर चढला होता. नवीन माणसाच्या हातून डोळे बहुधा वरच जातात, कारण ते डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात हे मनाला पटत नाही. इथे तर एकच डोळा चढलेला, त्यामुळे आजोबांच्या चेहऱ्यावर नसलेला संशय आला होता. अशा चित्रावर बोलावं का? मी संध्याकाळपर्यंत गप्प बसले. मग दादांना एकट्यांना विचारलं, “फ्रेम झाली का हो? फिक्सेटिव्ह मारलंत का?” फिक्सेटिव्ह म्हणजे कोळसा कागदावर पक्का करणारा फवारा. दोन्ही झालं असतं, तर मी नमस्कार करून थांबले असते. ते म्हणाले, परवा देणार आहे. तेव्हा मी लिहिलं, “दादा, हनुवटी आणि मिशा अगदी जिवंत आल्यात. डाव्या डोळ्यापाशी मी अडते. दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांना पट्टी लावून एकदा बघाल का?”

दोन तास काही उत्तर नव्हतं. मग फोटो आला. कणकेसारख्या मऊ रबरानं त्यांनी तो डोळा उचलून घेतला होता, कागदावर फक्त राखाडी डाग उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण झालेलं चित्र आलं, खाली एक ओळ होती: “आई आत्ता त्याच्यासमोर बसली आहे.”