गतीची तीन सूत्रं, ठाणे लोकलच्या हिशेबाने

नववीच्या ‘गतीचे नियम’ या धड्याला आमच्या नौपाड्यातल्या शिकवणीत दरवर्षी पोरं अडतात. तिन्ही सूत्रं घडाघडा म्हणून दाखवतील, पण गणित आलं की कुठलं लावायचं ते सुचत नाही. तेव्हा वही मिटा आणि ठाणे स्टेशनात उभी असलेली बारा डब्यांची लोकल डोळ्यांसमोर आणा.

आधी एककं. ताशी किलोमीटरचे मीटर प्रति सेकंद करायला ५ ने गुणा, १८ ने भागा. १८ चे ५, ३६ चे १०, ५४ चे १५, ७२ चे २०. एवढा पाढा मात्र तोंडपाठच हवा.

आता अक्षरं. यू सुरुवातीचा वेग, व्ही अंतिम वेग, ए त्वरण (वेग दर सेकंदाला किती वाढतो ते), टी काळ, एस विस्थापन (सरळ रुळावर, कापलेलं अंतरच). गाडी उभी होती, म्हणून यू शून्य. त्वरण ०.५ धरू, म्हणजे दर सेकंदाला वेग ०.५ मीटर प्रति सेकंदाने वाढतो. पहिलं सूत्र: व्ही = यू + ए × टी. दहा सेकंदांनी वेग ५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. यात समजावण्यासारखं फार काही नाही.

खरी गंमत दुसऱ्यात. वेग-काळ आलेख काढा, काळ आडव्या अक्षावर. तिरकी रेष येईल. तिच्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. इथे त्रिकोण आहे: ½ × १० × ५ = २५ मीटर. गाडी आधीच चालू असती तर त्रिकोणाखाली यू × टी एवढा आयतही आला असता. आयत अधिक त्रिकोण, झालं सूत्र: एस = यू × टी + ½ × ए × टी वर्ग. ते ½ त्रिकोणाचं आहे, हे कळलं की कुणी ते विसरत नाही.

आता पुढे मोजा. २० सेकंदांना १०० मीटर, ३० ला २२५, ४० ला ४००. दर दहा सेकंदांतली भर बघा: २५, ७५, १२५, १७५. प्रमाण १, ३, ५, ७! उतरणीवरून गोळे सोडून गॅलिलिओला हेच सापडलं होतं. गाडी साधारण अडीचशे मीटर लांब, सुटताना तिचं तोंड फलाटाच्या पुढच्या टोकाशी धरू. म्हणजे तिसाव्या सेकंदाला शेवटचा डबा फलाटाच्या टोकाशी येतो तेव्हा वेग ताशी ५४ असतो. ‘अजून हळूच आहे’ म्हणत मागे धावणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा.

तिसरं सूत्र गणितात काळ दिलेला नसेल आणि विचारलेलाही नसेल तेव्हा: व्ही वर्ग = यू वर्ग + २ × ए × एस. ताशी ७२ ने येणारी गाडी १ च्या मंदनाने (दर सेकंदाला वेग १ मीटर प्रति सेकंदाने कमी होत) थांबली तर ० = ४०० − २ × एस, म्हणून एस २०० मीटर. वेग निम्मा केला तर ५० मीटरच, कारण वेगाचा वर्ग आहे. ब्रेक लागला की ए ला वजा चिन्ह द्यायचं, आणि उत्तरापुढे ‘मीटर’ लिहिलं नाही तर मी अर्धा मार्क कापते.